प्रशिक्षकाचा दाखला

जून महिना उजाडला की साताऱ्याहून कऱ्हाडमार्गे सांगलीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा निवासी क्रीडा अकादमींचे आणि पोलीस व सैन्य भरतीपूर्व प्रशिक्षण केंद्रांचे नवे फलक दिसू लागतात. कोठे कुस्ती, कोठे धनुर्विद्या, कोठे कराटे, कोठे नुसते धावणे. खेळ निरनिराळे असले तरी प्रवेशाचा अर्ज बहुधा सारखाच असतो. जन्मदाखला, आधारपत्राची प्रत, शाळेचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र, दोन छायाचित्रे, पालकांचे संमतिपत्र आणि दुखापत झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही असे हमीपत्र. बारा वर्षांच्या मुलाने आपण कोण हे सात कागदांनी सिद्ध करावयाचे. परंतु ज्याच्या हाती ते मूल पहाटे पाचपासून रात्री दिवे मालवेपर्यंत राहणार, तो गृहस्थ कोण, याआधी कोठे होता, तेथून का निघाला, यांविषयी पालकाच्या हाती एकही कागद पडत नाही. पालकही तो मागत नाही.

कागदपत्रांच्या सहवासात आयुष्य घालविणाऱ्या शिक्षक-कारकून वर्गाला तरी ही विसंगती जाणवावयास हवी होती. जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहायक म्हणून रुजू होणाऱ्या तरुणाची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते. वास्तविक त्याच्या ताब्यात जावयाच्या असतात त्या फायली. २००५ च्या खाजगी सुरक्षा संस्थांविषयीच्या कायद्यान्वये बँकेच्या दाराशी उभ्या राहणाऱ्या रखवालदाराचा पूर्वेतिहास तपासल्यावाचून त्याला कामावर घेता येत नाही. पारपत्र हवे असेल तर पोलीस चौकशी होते. खोली भाड्याने द्यावयाची तर भाडेकरूची माहिती ठाण्यात कळवावी लागते. फायलींची, नोटांची आणि खोल्यांची एवढी काळजी वाहणारा समाज मुलांच्या बाबतीत मात्र विश्वासावर भागवितो. याचे कारण निव्वळ बेफिकिरी असे म्हणणे या दोन जिल्ह्यांवर अन्याय करणारे होईल.

कारण येथल्या विश्वासाला इतिहास आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले आणि पुढे शाहू बोर्डिंग म्हणून ते नावारूपाला आले, तेव्हापासून आपले मूल परक्याच्या हाती सोपवून निश्चिंत होण्याची सवय येथल्या शेतकऱ्याला लागली. ज्याच्या घरी पाटी घ्यायला पैसे नव्हते त्याने मूल दिले आणि संस्थेने ते शिकवून परत केले. तीच श्रद्धा मैदानावरही उतरली. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. त्यांच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकले होते, ही हकीकत कऱ्हाड तालुक्यात आजही मुलांना सांगतात. शिष्यासाठी घर गहाण टाकतो तो गुरू, अशी प्रतिमा ज्या मुलखाच्या मनात कोरलेली आहे, तेथे गुरूला पोलिसांचा दाखला मागणे हा उद्धटपणा वाटला तर नवल नाही.

शिवाय ही श्रद्धा फळालाही येत असते. ऑगस्ट २०२३ मध्ये साताऱ्याची अदिती स्वामी बर्लिन येथे वयाच्या सतराव्या वर्षी धनुर्विद्येत जगज्जेती झाली. लेकीच्या सरावासाठी त्या कुटुंबाने गाव सोडून शहरात बिऱ्हाड केले होते. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारोत्तोलनाचे रौप्यपदक मिळविले. त्याच्या वडिलांची पानाची टपरी होती. मार्च २०२३ मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीत भरली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. कवठेपिरानच्या मारुती माने यांच्या काळी आखाड्याच्या उंबऱ्यापाशीही मुलगी दिसत नसे. आज गावोगावच्या मुली लाल मातीत उतरत आहेत, आणि त्यांना तेथवर पोचविणारे प्रशिक्षक बहुसंख्येने तुटपुंज्या मानधनावर राबणारे सज्जन आहेत. हे आरंभीच सांगितले पाहिजे, कारण पडताळणीचा विषय निघाला की पहिला दुखावतो तो सज्जनच.

तथापि खेळ हा इतर विद्यांसारखा नाही. गणिताच्या शिक्षकाला मुलाच्या अंगाला हात लावण्याचे कारण पडत नाही. कुस्तीत पकड दाखवायची तर अंगाला अंग भिडते. व्यायामात सांधे ताणून द्यावे लागतात, मालीश करावी लागते, वजन करताना कपडे उतरावे लागतात. स्पर्धेसाठी परगावी जावे लागते आणि तेथे धर्मशाळेत वा लॉजमध्ये एका खोलीत चौघांची सोय होते. संघात कोण आणि बाहेर कोण, हे ठरविण्याचा अधिकार एकाच माणसापाशी असतो. योग्य स्पर्श कोठे संपला आणि अयोग्य कोठे सुरू झाला हे अशा स्थितीत मोठ्यांनाही सांगणे कठीण, तेथे मुलाने काय सांगावे? अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याने उपचाराच्या नावाखाली वर्षानुवर्षे मुलींवर अत्याचार केले. मुलींनी अधूनमधून सांगितलेही होते. ऐकणाऱ्यांनी तो उपचारच मानला. जानेवारी २०१८ मध्ये त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. मुलगेही या धोक्यातून मोकळे नाहीत. आपला २०१२ चा बालसंरक्षणाचा कायदा, ज्याला पॉक्सो म्हणतात, मुलगा आणि मुलगी असा भेद करीत नाही तो याचमुळे.

मग कायद्याने काही सांगितलेच नाही काय? सांगितले आहे, आणि स्पष्ट सांगितले आहे. पॉक्सो कायद्याखालील २०२० च्या नियमांनुसार मुलांना निवास देणाऱ्या किंवा मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या सर्व कर्मचाऱ्यांची, ते शिकविणारे असोत वा नसोत, कायम असोत वा कंत्राटी, ठराविक काळाने पोलीस पडताळणी करून घेतली पाहिजे. शाळा आणि पाळणाघरे यांच्याबरोबर क्रीडा अकादमींचा तेथे नावानिशी उल्लेख आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील प्रकरणाने महाराष्ट्र हादरला, तेव्हा राज्य शासनाने त्याच महिन्याच्या २१ तारखेस शासन निर्णय काढून शाळांतील कर्मचाऱ्यांच्या पडताळणीचा, कॅमेऱ्यांचा आणि तक्रारपेट्यांचा पुनरुच्चार केला. अर्थात चार वर्षांपूर्वीचा नियम पाळला गेला असता तर पुनरुच्चाराची वेळच आली नसती. शाळेला निदान शिक्षणाधिकारी विचारू शकतो. खाजगी मैदानाला विचारणारा कोण? अकादमी काढावयास शाळेसारखी मान्यता लागत नाही; जागा, फलक आणि शिट्टी एवढ्यावर ती सुरू होते. नियम न पाळणाऱ्या संस्थेचे काय करावयाचे, याविषयी तो नियम मौन बाळगतो. शिवाय नियमात शब्द आहे तो कर्मचारी असा. मानधनही न घेता संध्याकाळी येऊन मुलांना डाव शिकविणारा माजी खेळाडू आपण कर्मचारी नाही असे म्हणू शकतो, आणि आपल्याकडील निम्मी मैदाने अशाच हौशी माणसांवर चालतात.

एवढे सारे असूनही दाखल्याची सक्ती झाली की प्रश्न सुटला, असे मानणारा एक वर्ग आहे. त्याने दाखल्यावर नेमके काय लिहिलेले असते हे एकदा वाचून पाहावे. अर्जदाराविरुद्ध गुन्ह्याची नोंद आढळत नाही, एवढाच त्याचा मथितार्थ असतो. नोंद आढळत नाही आणि दोष आढळत नाही यांत फार अंतर आहे. या जिल्ह्यांना तर ते अंतर अधिक चांगले ठाऊक असावे. १९४९ पूर्वी सांगली जिल्ह्याचा मोठा भाग साताऱ्यातच होता; त्या जुन्या साताऱ्यात बेचाळीसनंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालले. ज्या कुंडलच्या माळावर आज नामवंत मल्लांच्या कुस्त्या होतात, त्याच कुंडलला तेव्हा तुफान सेनेचे जवान तयार होत होते. सरकारच्या दप्तरात नाव असणे हा त्या पिढीला गौरव वाटे. आजही ऊसदराच्या आंदोलनात रस्ता अडविला म्हणून ज्याच्यावर गुन्हा दाखल झाला आहे असा एखादा सरळमार्गी प्रशिक्षक वाळवा वा कऱ्हाड तालुक्यात सहज सापडेल. पोलिसांच्या दप्तरात त्याची नोंद सापडेल. आणि ज्याने तीन गावांत तीन मुलांना नासवले, परंतु ज्याच्याविरुद्ध कोणीच ठाण्याची पायरी चढले नाही, त्याचा दाखला कोरा करकरीत निघेल. म्हणून कोणत्या प्रकारच्या नोंदीने माणूस मुलांपासून दूर ठेवावयाचा हे ठरविले पाहिजे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती नोंद मुळात होते की नाही हे पाहिले पाहिजे.

येथे खरे दुखणे आहे. तालमीत वा शाळेत असा प्रकार कानावर आला की आपल्याकडे काय घडते, हे सांगावयास संशोधकाची आवश्यकता नाही. संस्थेचे चार पदाधिकारी रात्री बसतात. मुलीचे लग्न व्हायचे आहे, मुलाचे नाव खराब होईल, संस्थेचे अनुदान थांबेल, गावाची अब्रू जाईल, असे प्रत्येकजण बोलतो. मुलाच्या बापाला समजावले जाते. तो बहुधा संस्थेतील कोणाचा तरी मिंधा असतोच. प्रशिक्षकाला राजीनामा द्यावयास सांगतात, आणि कित्येकदा हात दाखवून अवलक्षण नको म्हणून त्याला नारळ-टॉवेल देऊन निरोपही देतात. प्रकरण मिटले, असे सर्वजण म्हणतात. तो माणूस दोन महिन्यांनी नदीपलीकडच्या जिल्ह्यात दुसऱ्या मैदानावर उभा राहतो, आणि त्याच्या खिशात चांगल्या वर्तणुकीचे पत्र असते.

ही मिटवामिटवी गावंढ्या अडाणीपणातून होते असे कोणी समजू नये. भारतीय क्रीडा प्राधिकरणात २०१० ते २०२० या दहा वर्षांत लैंगिक छळाच्या ४५ तक्रारी आल्या, त्यांपैकी २९ प्रशिक्षकांविरुद्ध होत्या, आणि कित्येक प्रकरणांचा शेवट बदलीत किंवा वेतन-निवृत्तिवेतनातील किरकोळ कपातीत झाला, असे २०२० साली प्रसिद्ध झाले. बदली म्हणजे त्याच माणसाला नवी मुले देणे. इंग्लंडसारख्या कागदप्रिय देशातही हेच घडले होते. २००२ साली सोहम या गावी दोन शाळकरी मुलींचा खून करणारा इयान हंटली शाळेत रखवालदार होता. त्याच्याविरुद्ध पूर्वी दुसऱ्या परगण्यात लैंगिक स्वरूपाच्या अनेक तक्रारी झाल्या होत्या. पण त्यांची नोंद नीट ठेवली गेली नाही आणि जी होती ती नोकरी देणाऱ्यांपर्यंत पोचली नाही. पडताळणी झाली होती. तिच्यात काही निघाले नाही. २००४ साली बिचर्ड समितीने यावर जो अहवाल दिला, त्यानंतर तेथील पडताळणीची सारी यंत्रणा बदलली.

आपल्याच राज्यातील चंद्रपूर जिल्ह्याचे उदाहरण याहून बोलके आहे. राजुरा येथील एका शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले. मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरने प्रकार ठाऊक असूनही पोलिसांना कळविले नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्याच्यापुरता गुन्हा रद्द केला. परंतु सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो पुन्हा कायम करताना, माहिती असून न कळविणे हा गंभीर अपराध आहे असे स्पष्ट केले. पॉक्सो कायद्यातील हे कलम फार थोड्या शिक्षकांना ठाऊक असते. मुलावर अत्याचार झाल्याचे ज्याला समजले, त्या कोणाही व्यक्तीने पोलिसांना कळविलेच पाहिजे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि आपल्या हाताखालच्या माणसाचे कृत्य दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत. रात्री बसून प्रकरण मिटविणारे ते चौघे पदाधिकारी आपण गावाची अब्रू राखली असे समजत असले, तरी कायद्याच्या दृष्टीने ते त्या रात्री आरोपी झालेले असतात.

आणखी एक गोष्ट दाखल्याच्या आवाक्याबाहेरची आहे. दाखला मागावयाचा कोणी? संस्थाचालकाने. पण संस्थाचालकच भक्षक असेल तर? २०१८ साली सांगली जिल्ह्यातील कुरळप येथील निवासी आश्रमशाळेतील मुलींवरील अत्याचार उजेडात आले, तेव्हा अटक झाली ती संस्थेच्या चालकालाच. पुढे न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. त्याही आधी, १९९० साली, हरियाणात एका चौदा वर्षांच्या टेनिसपटूचा विनयभंग झाला, तो करणारा एस. पी. एस. राठोड राज्य टेनिस संघटनेचा अध्यक्ष होता आणि पोलीस महानिरीक्षकही होता. दाखला देणारे खातेच त्याचे होते. तीन वर्षांनी त्या मुलीने आत्महत्या केली; त्याला दोषी ठरावयास २००९ साल उजाडले. तेव्हा पडताळणी वरपासून, म्हणजे संस्थेच्या अध्यक्षापासून सुरू झाली नाही, तर ती गरीब प्रशिक्षकाला छळण्याचे आणखी एक साधन तेवढी होईल.

या भीतीला अर्थ आहे. तालीम संस्थांतील राजकारण सर्वश्रुत आहे. संघात निवड न झालेल्या मुलाचा बाप काय करील याचा नेम नसतो, आणि एकदा असा डाग लागला की निर्दोष सुटूनही माणूस उठत नाही. जानेवारी २०२३ मध्ये दिल्लीत मल्लांनी कुस्ती महासंघाच्या अध्यक्षांविरुद्ध आंदोलन केले. पुढे दाखल झालेल्या तक्रारींपैकी अल्पवयीन मुलीसंबंधीचे प्रकरण बंद करण्याचा पोलिसांचा अहवाल न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्वीकारला, तर प्रौढ महिला मल्लांच्या तक्रारींवर मे २०२४ मध्येच आरोप निश्चित झाले होते. एकाच माणसाविरुद्धच्या तक्रारींचे असे दोन मार्ग होऊ शकतात आणि ते कोणते, हे न्यायालय ठरविते. संस्थेच्या बैठकीत तक्रार खोटी ठरविणेही चूक आणि खरी ठरविणेही चूक; तिने ती ठाण्यात पोचवावी आणि चौकशी होईतो त्या माणसाला मुलांपासून दूर ठेवावे. निर्दोष प्रशिक्षकालाही यातच संरक्षण आहे. दबक्या आवाजातली कुजबुज त्याला आयुष्यभर पुरते; चौकशीचा शेवट निदान कागदावर तरी होतो.

व्यवहारात काय करता येईल ते फार अवघड नाही. सप्टेंबर २०१८ पासून लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय सूची तयार झाली आहे. ती फक्त पोलिसांना पाहता येते, आणि ते योग्यच आहे, नाही तर चावडीवर तिचे वाचन झाले असते. परंतु मग संस्थेने विचारणा केल्यावर पोलिसांनी केवळ आपल्या ठाण्याचे दप्तर उलटून भागणार नाही. माणूस जेथे जेथे राहिला तेथील नोंद पाहिली पाहिजे. सातारा आणि सांगली ही दोन्ही पोलीस दले कोल्हापूर परिक्षेत्राखालीच येतात, तेव्हा कृष्णेच्या अलीकडची माहिती पलीकडे पोचावयास पत्रव्यवहाराचे निमित्त उरू नये. दुसरे असे की, नवा प्रशिक्षक घेताना मागील संस्थेला लेखी विचारावे : हा मनुष्य आपल्याकडून का गेला, आणि त्याच्याविरुद्ध मुलांच्या संदर्भात तक्रार आली होती काय? तोंडी विचारले तर तोंडीच गोड उत्तर मिळते. सही करून खोटे लिहिताना मात्र माणूस थबकतो, कारण ते पत्र उद्या न्यायालयात येऊ शकते. चांगल्या वर्तणुकीचे पत्र लिहून पीडा घालविण्याची जुनी युक्ती या एका प्रश्नाने बरीच आवरेल.

राहिला प्रश्न खाजगी अकादमींना हे करावयास कोण लावणार हा. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात महिला आणि अल्पवयीन खेळाडूंच्या सुरक्षिततेच्या धोरणाची तरतूद आहे. पण ते पाणी महासंघापासून झिरपत झिरपत माण वा जतच्या मैदानापर्यंत केव्हा पोचेल याचा भरवसा नाही. त्यापेक्षा जवळचा नळ जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या हाती आहे. अकादमीत शिकणारे मूल अखेर कोणत्या ना कोणत्या शाळेचे असते. त्याला शालेय स्पर्धेत उतरावयाचे असते, दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण हवे असतात, आणि त्या दोन्हींची वाट क्रीडा अधिकाऱ्याच्या कार्यालयातून जाते. स्पर्धेच्या प्रवेशिकेवर संघाबरोबर येणाऱ्या व्यवस्थापकाचे आणि प्रशिक्षकाचे नाव लिहावे लागते. त्या नावापुढे पडताळणीचा क्रमांक आणि दिनांक असा आणखी एक रकाना छापावा, तो कोरा असेल तर प्रवेशिका शाळेकडे परत पाठवावी, आणि दाखला तीन वर्षांहून जुना चालू नये. शाळेच्या कार्यालयात ही प्रवेशिका भरतो तो लिपिक, तिच्यावर सही करतो तो मुख्याध्यापक, आणि मुलांना घेऊन जातो तो क्रीडाशिक्षक. या तिघांनीही तो रकाना भरल्याशिवाय कागद पुढे सरकू न देण्यास कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. शालेय स्पर्धा पावसाळ्यातच सुरू होतात.